जमादारीण पाहुणी ठरली, त्या नऊ दिवसांची हकीकत

श्री. जो गणराय दाराच्या चौकटीवर बसतो, आल्यागेल्यास पाहतो आणि कोणापाशीही परवाना मागत नाही, त्यास प्रथम नमन. त्याखालोखाल उंबरठ्यास नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध प्रतिपदेपासोन नवमीपावेतो एका राज्यात जे घडले ते लिहिले आहे. राज्याचे नाव सांगत नाही, आणि लिहिणाराही आपले नाव सांगत नाही, कारण तो अद्याप त्याच गडावर पोट भरतो. मात्र लिहिले ते डोळ्यांनी पाहिलेले, पदरचा मीठमसाला थोडकाच. ज्यास राग येईल त्याने यावा, आम्ही खोडणार नाही.

हकीकत ऐसी जे, गड सात मजल्यांचा, सर्वांगी काचेचा, आणि मजल्यागणिक दरवाजे, आणि दरवाज्यांस कडी नाही की कोयंडा नाही, भिंतीत एक काळे यंत्र बसविलेले, त्यास कार्ड दाखवावे तो दरवाजा उघडावा, ऐसी पूर्वापार चाल. कार्डे गडाने दिलेली, ज्याची त्याचे गळ्यात दोरीने बांधिलेली. बायका पर्ससकट यंत्रावर आपटीत, आणि पुरुषमंडळी मागच्या खिशातून पाकीट काढावयाचाही आळस करोन यंत्राकडे पाठ फिरवीत आणि कंबर टेकीत, आणि दरवाजा तेवढ्यावरही उघडे. मोठमोठे अंमलदार रोज सकाळी भिंतीस ऐसा उलटा नमस्कार करिताना आम्ही पाहिले आहेत. गडपती श्रीमंत विश्रामराव हे स्वभावे सज्जन, परंतु जो शेवटचा बोलेल त्याचे खरे मानणार. आणि गडाच्या समस्त दारांची मुखत्यारी ज्यांजकडे, ते द्वारप्रधान सौमित्रपंत दाभाडकर हे दक्षिणेच्या एका नगरीस मसलतीकरिता गेले होते, तेथे त्यांणी पाहिले की कार्ड म्हणोन कोणाचे गळ्यात नाही, सर्व लोक मोबाइल वर करितात आणि दारे उघडतात. मग पंत परत आले ते हेच वेड घेऊन आले आणि दरबारात बोलिले की माणूस डबा विसरतो, छत्री विसरतो, लग्नाचा वाढदिवस विसरतो, परंतु मोबाइल विसरत नाही, आणि कार्ड एकाचे दुसरा वापरतो, मोबाइल मात्र नवरा बायकोलाही देत नाही, तेव्हा मोबाइल हीच खरी किल्ली. बोलणे खोटे नव्हते. विश्रामरावांनी मान हलविली आणि हुकूम सुटला.

हुकूम ऐसा जे, घटस्थापनेच्या दिवसापासोन समस्त कार्डे जमा करावी, आणि प्रत्येकाने स्वतःच्या मोबाइलात गडाचे ॲप घ्यावे, आणि ॲप विचारील की आपण कोठे असता, आपणास कोणकोण ठाऊक, तर त्यास सर्वत्र होय म्हणावे. लिहिणाराने पहिल्याच दिवशी न वाचता सात वेळा होय म्हटले, हे येथे लाजेने नमूद करितो. आणि ज्यांपाशी तैसा मोबाइल नाही त्यांचे काय, ऐसे कोणी विचारिले तेव्हा पंतांनी कागदावरोन मान न उचलता सांगितले की नवमीपावेतो त्यांस पाहुण्यांच्या वहीत लिहोन आत सोडावे, छातीवर पाहुणा ऐसी चिठ्ठी लावावी, आणि नवमी उलटली की ज्याच्या मोबाइलात किल्ली नाही त्याची चाकरी बरखास्त. जमा झालेली कार्डे पंतांनी समारंभपूर्वक कात्रीने कापिली, आणि लोकांनी टाळ्या वाजविल्या, आम्हीही वाजविल्या.

आता गडाची जमादारीण इंदुमतीबाई खुडे, तिची गोष्ट. हिच्या हाताखाली झाडलोटीच्या तेरा बायका, आणि ही स्वतः चौदावी, एकोणीस वर्षे रोज सकाळी सातास हजर, आणि गडावरील थोर-लहान सर्व तिला मावशी म्हणत. तिचे कार्ड गडाचे प्रत्येक दार उघडीत असे, कारण केर सर्व खोल्यांत असतो. इतका अधिकार गडपतींखेरीज कोणास नव्हता, आणि ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही नव्हती. चौदांपैकी पाच जणींपाशी साधे बटणांचे फोन, चार जणींचे मोबाइल दिवसभर घरी मुलांच्या अभ्यासाला, आणि बाकीच्या बाईच्या तोंडाकडे पाहात होत्या. पंतांनी बाईला बोलावून गोड शब्दांत समजाविले आणि विचारिले की तुमच्यापाशी मोबाइल आहे की नाही. बाई म्हणाली, आहे. मग आणीत का नाही, तर म्हणाली, ते माझे मी पाहीन. आणि मग जे बोलली ते जसेच्या तसे लिहितो.

"साहेब, कुलूप तुमचं हाय, तर किल्ली बी तुमचीच पायजे. फोन माझ्या घरचा. तो तुमच्या दाराला का म्हणून लावू?"

पंत म्हणाले की यात तुमचे काही जात नाही. बाई म्हणाली की जात नाही तर मागता कशाला. पंतांनी मीटिंग आहे ऐसे सांगितले आणि निघोन गेले.

प्रतिपदेस गडाच्या चालीप्रमाणे तळमजल्यावर काचेच्या मोठ्या दाराच्या आत घट बसले आणि अखंड दिवा लागला, आणि दाराबाहेर देवडीत हवालदार पिराजी लोंढे वही मांडोन बसले. हा गृहस्थ बारा वर्षे पलटणीत होता आणि छापलेला शब्द म्हणजे त्यास वेदवाक्य. आणि देवडीच्या भिंतीवर पाहुण्यांचे नियम खुद्द दाभाडकरांच्या सहीने चिकटविलेले होते, ते ऐसे की पाहुण्याने आपले नाव, कोणास भेटणे आणि कारण लिहावे, आणि ज्यास भेटणे त्याने स्वतः दाराशी येऊन पाहुण्यास आत न्यावे, आणि आत असेपावेतो त्यास एकटे सोडू नये. मग इंदुमतीबाईने लेखणी घेतली आणि लिहिले: इंदुमती खुडे, भेटणे दाभाडकर साहेब, कारण केर काढणे. तिच्याखाली तेरा जणींनी तैसेच लिहिले, आणि हवालदाराने प्रत्येक नावापुढे पाहुणी ऐसा शेरा मारिला. आणि चौदा जणी छातीवर चिठ्ठ्या लावोन देवडीतील सोफ्यावर ओळीने बसल्या. पंत गडावर येत ते साडेदहास. तोपावेतो गडाचा केर तैसाच, आदल्या दिवशीचे चहाचे कप तैसेच, आणि विश्रामरावांच्या कपात एक माशी मरोन पडली होती ती त्यांणी स्वतः पाहिली. पंत आले तेव्हा बाई उठली आणि पदर सावरोन म्हणाली की आम्ही तुमच्याकडेच आलो आहो. पंतांनी हवालदारास दटाविले की ही घरचीच माणसे आहेत, सोड आत. हवालदार म्हणाला की सोडतो, आपण तितके वहीत लिहोन द्यावे की ह्या घरच्या आहेत. तेव्हा पंतांनी विचार केला की ऐसे लिहिले तर हुकूमच बुडाला, आणि हुकूम बुडाला तर अब्रू बुडाली. ते काही लिहीनात, स्वतःच त्यांस आत घेऊन निघाले.

मग दुसऱ्या दिवसापासोन पंतांस सकाळी सातास यावे लागले. चौदा बायका, सात मजले आणि यजमान एक, म्हणोन एकेक मजला करोन मिरवणूक निघे, पुढे झाडू, मागे पंत, आणि दाराशी बायकांनी थांबावे आणि पंतांनी मोबाइल वर करावा, हाच क्रम. नवरात्र असल्यामुळे बायका त्या त्या दिवसाच्या रंगाची लुगडी नेसोन येत, आणि पिवळ्यावर, हिरव्यावर, करड्यावर पाहुणी ऐसी चिठ्ठी ठळक दिसे. पंतांनी इतर अंमलदारांस विनविले की तुम्ही चार-चार पाहुण्या वाटोन घ्या, तर कोणी घेईना. लिहिणारास विचारिले तेव्हा लिहिणाराच्या पोटात दुखू लागले. तिसऱ्या दिवशी सातवा मजला झाडून होईतो दीड वाजला. चौथ्या दिवशी पाचव्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर पंतांच्या मोबाइलाचा प्राण गेला, आणि पुढचे दार उघडेना, मागचे उघडेना, आणि वरून कोणी येईतो पाऊण तास सर्वजण पायऱ्यांवर बसोन राहिले. पंतांस नवरात्राचा उपास होता आणि तोंड सुकले होते. बाईने आपला डबा उघडला आणि साबुदाण्याची खिचडी झाकणात काढोन त्यांसी दिली, आणि पंतांनी ती शेवटच्या दाण्यापावेतो खाल्ली. मग म्हणाले की मावशी, हट्ट सोडा, मला तुमचे वाईट करावयाचे नाही. बाई म्हणाली, "बोलायला मावशी आणि वहीत पाहुणी. दोन्हींतलं एक काय ते ठरवा, साहेब." पंत झाकण धुवावयास पाणी शोधू लागले.

इतके सर्व हसण्यावारी चालले होते, तो अष्टमीस गडास माणसे पुरविणाऱ्या ठेकेदाराचा निरोप आला की मोबाइलवाल्या चौदा नव्या बायका मिळाल्या आहेत, दसरा होताच त्या कामावर येतील, जुन्यांनी समजोन घ्यावे. तेव्हा बायकांची तोंडे उतरली. कोणी म्हणाली घरी काय सांगू, कोणी म्हणाली एवढ्याशा गोष्टीकरिता चाकरी घालवणे आम्हास परवडत नाही. आणि त्यांचे खरेच होते. इंदुमतीबाई म्हणाली, "ज्यांना घ्यायचंय त्यांनी घ्या, माझा राग नाय. मी मातूर घेणार नाय." मग दोघींनी डोळे पुशीत ॲप घेतले, आणि बाई त्यांस एक शब्द उणा बोलली नाही, उलट एकीला अक्षरे लागेनात तेव्हा शेजारी बसोन वाचोन दाखविले. उरल्या बारा. त्या दिवशी आम्हास रात्रीचे जेवण गोड लागले नाही, परंतु आम्हीही काही केले नाही.

मग नवमी उजाडली. खंडेनवमीस गडावर शस्त्रपूजा होत असे, आजवर त्यात संगणक मांडीत, परंतु यंदा पंतांनी विश्रामरावांच्या कानी घातले की आता मोबाइल हेच आपले शस्त्र आणि मोबाइल हीच किल्ली, तेव्हा समस्तांचे मोबाइल घटापुढे मांडावे, आणि आरती-प्रसाद होईपावेतो कोणी उचलू नये. विश्रामरावांस कल्पना फार आवडली. मग तळमजल्याच्या दालनात चौरंगांवर तांबडे वस्त्र घालोन तीनशे बारा मोबाइल मांडिले, हवालदाराचाही ठेवविला, आणि प्रत्येकास हळदकुंकू वाहिले, वर झेंडूचे फूल. एका कडेस इंदुमतीबाईने आपला झाडू आणोन ठेविला आणि त्यासही एक फूल वाहिले. आरती जाहली. पानांची तयारी बाहेर अंगणात मांडवाखाली, आणि पुरणाचा वास आत येऊ लागला, आणि सर्वांस घाई जाहली. तो गडावरील एक वृद्ध कारकून म्हणाले की घट बसले आहेत, दिवा अखंड आहे, घर ओस ठेवू नये, कोणी तरी दिव्यापाशी बसले पाहिजे. सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी बसावयास तयार होईना. तेव्हा दाभाडकरांची नजर झाडूकडे गेली आणि ते सहज बोलोन गेले की मावशी आहेत ना, त्या बसतील. बाई बसली. आणि तीनशे बारा लोक आणि बाकीच्या अकरा जणी बाहेर गेल्या, आणि काचेचे दार आपल्या सवयीप्रमाणे मागे आपोआप लागले.

जेवणे उत्तम जाहली. तिसरे प्रहरी ठीक तीन वाजता परराज्याचा वकील पडद्यावर यावयाचा होता आणि वर्षाचा करार व्हावयाचा होता, म्हणोन विश्रामराव दहा मिनिटे आधी दाराशी आले आणि त्यांणी खिशात हात घातला. हात रिकामा. त्यांमागे दाभाडकरांनी घातला, त्यांमागे सर्वांनी घातला, आणि तीनशे माणसे एकदम आपापले खिसे चाचपू लागली ती शोभा वर्णावयास शब्द अपुरे. काचेतून आत सर्व दिसत होते, दिवा, घट, झाडू, आणि कुंकवाने माखलेले मोबाइल, आणि त्यांत विश्रामरावांचा मोबाइल वाजू लागला आणि दर वाजण्यासरशी थरथरत चौरंगाच्या कडेकडे सरकू लागला. दाभाडकर धावत हवालदाराच्या संगणकावर बसले की तेथून दार उघडू, तर संगणक म्हणाला की आपल्या मोबाइलवर सहा आकडे पाठविले आहेत ते सांगावे. आणि आत पंतांच्या मोबाइलाचा उजेड लागला, तोही सर्वांनी पाहिला. जुने एखादे कार्ड, तर ती कात्रीने कापिलेली. मग विश्रामराव हवालदाराकडे वळले की काहीही कर आणि दार उघड. हवालदार उभा राहिला, सलाम केला, वही त्यांचे पुढे सरकविली आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढिला.

"नियम हाय, साहेब. फोन नाय तो पाहुणा. नाव लिवा. आत कुनाला भेटायचं?"

आणि आत तर एकच माणूस होते.

इंदुमतीबाईने बाहेरची धांदल पाहिली होती, परंतु ती आधी उठोन दिव्यात तेल घालोन, वात सारखी करोन मग दाराशी आली. आतल्या बाजूस भिंतीवर एक बटण होते, ते दाबले की दार उघडे. त्यावरचे बोटांचे डाग एकोणीस वर्षे तीच पुशीत होती, म्हणोन ते कोठे आहे हे तिला डोळे मिटोनही ठाऊक. तिने हात बटणाशी नेला आणि तेथेच ठेविला. दाराच्या फटीतून बोलणे स्पष्ट ऐकू येत होते. विश्रामराव म्हणाले की मावशी, उघडा, फार मोठे काम आहे. बाई शांतपणे म्हणाली, "उघडलं असतं, साहेब. पण मी पाहुणी हाय. पाहुण्यानं दुसऱ्याच्या घराचं दार परस्पर उघडू नये." विश्रामरावांस अर्थ लागेना, तेव्हा ती म्हणाली, "दिव्यापाशी बसवायला घरचं माणूस लागतं. ते मला बसवलंत. आता वहीत मला काय लिवलंय, तेवढं वाचा."

मग विश्रामरावांनी वही उघडली. आजवर त्यांणी ती कधी पाहिली नव्हती. पान उलटले, आणखी पाने उलटली, आणि नऊ दिवसांचे तेच अक्षर, इंदुमती खुडे, पाहुणी, कारण केर काढणे, कारण केर काढणे. वर घड्याळात तीनास पाच कमी होते. परंतु ते वाचीत राहिले, आणि आम्ही जवळ होतो म्हणोन सांगतो की त्यांचे कान तांबडे जाहले. त्यांणी दाभाडकरांस विचारिले की हे काय. आणि दाभाडकर, ज्यांणी तिच्या डब्यातील खिचडी खाल्ली होती, ते खाली पाहोन म्हणाले की साहेब, चूक माझी आहे, मी नऊ दिवस हिच्यामागोन हिंडलो तेव्हा पहिल्या दिवशीच समजले होते, परंतु हुकूम मागे घेण्याची लाज वाटली. हे ते सर्वांदेखत बोलिले, त्याचा मान त्यांस दिला पाहिजे.

मग विश्रामरावांनी हवालदाराची लेखणी घेतली आणि तिच्या नावापुढला पाहुणी हा शब्द नऊ ठिकाणी खोडिला. आणि मग नियम तो नियम, हवालदार बोट ठेवोन उभाच, म्हणोन त्याखाली कोऱ्या ओळीत स्वतःचे नाव लिहिले. कोणास भेटणे, तेथे लिहिले इंदुमती खुडे. कारण, तेथे लिहिले: किल्ली देणे. हवालदाराने ते मोठ्याने वाचोन दाखविले आणि श्रीमंतांच्या रेशमी कुडत्यावर पाहुणा ऐसी चिठ्ठी लाविली. बाईने काचेतून विचारिले की किल्ली मला एकटीला की बाराही जणींना. विश्रामराव म्हणाले की जी मागेल तिला. तेव्हा तिने बटण दाबिले आणि दारात उभी राहोन म्हणाली, "या. पाय पुसून या."

वकिलास सात मिनिटे थांबावे लागले आणि करार जाहला. दसऱ्यानंतर पहिल्याच कामाच्या दिवशी दाभाडकरांनी सातास येऊन बारा कार्डे आपल्या हाताने दिली. ठेकेदाराच्या नव्या बायका आल्या नाहीत. ज्या दोघींनी ॲप घेतले होते त्यांणीही कार्ड मागोन घेतले, आणि हे पाहोन आम्हीही मागितले. आता ज्यास मोबाइलाने यावयाचे तो मोबाइलाने येतो आणि ज्यास नाही तो भिंतीस कंबर टेकितो.

दसऱ्यास आम्ही सोने द्यावयास बाईच्या घरी गेलो होतो. ओट्यावर तिचे यजमान संपतराव बसले होते. त्यांची नजर तीन वर्षांमागे गेलेली, आणि त्यांचे हातात बाईचा मोबाइल, आणि तो मोबाइल त्यांस वर्तमानपत्र वाचोन दाखवीत होता, गोळ्यांच्या पाकिटापुढे धरिला की गोळीचे नाव सांगत होता. दिवसभर ती घरी नसता तेच त्यांचे डोळे. आम्ही विचारिले की हे तुम्ही गडावर एका शब्दाने सांगितले असते तर नऊ दिवसांचा त्रास वाचला असता, लगेच सूट मिळाली असती. तिने आपट्याचे पान घेतले, कपाळास लाविले आणि म्हणाली, "मिळाली असती की. माझ्या एकटीला. आन् बाकीच्या अकरा जणींनी आपापल्या घरची कुठली अडचण दाखवायची? हक्काला कारण लागत नाय, दादा."

एणेप्रमाणे क्रोधीनाम संवत्सरी एका गडावर दारावरोन तंटा जाहला आणि मिटला. तात्पर्य इतकेच की ज्याचे कुलूप त्याने किल्ली द्यावी, आणि ज्यास दिव्यापाशी बसविले त्यास वहीत पाहुणे लिहू नये. पाहुण्यांची ती वही देवडीत अद्याप आहे, ज्यास संशय असेल त्याने पाहावी. मात्र आधी नाव लिहावे लागेल.